रॉड बाबांनी निवडला

माझा मासे पकडायचा पहिला रॉड लिफ्टच्या दारात तुटला. तुटला तेव्हा तो बाबांच्या हातात होता आणि लिफ्टमध्ये बाबांशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी फ्लॅटचं जाळीचं दार लावत मागे राहिलो होतो. कट् असा आवाज झाला. धावत जाऊन बघतो तर टोकाकडचा वीतभर तुकडा बाहेर पडलेला, उरलेला रॉड आत आणि तो धरून बाबा उभे. म्हणाले, "दाराचा सेन्सर गेलाय. कम्प्लेंट दे."

कम्प्लेंट मी दिली नाही. त्या आठवड्यात येताजाता तीन वेळा त्या दारात छत्री घालून पाहिली. तिन्ही वेळा दार मुकाट्याने उघडलं. म्हणजे सेन्सर ठीक होता, आणि बाबा एकतर खोटं बोलत होते किंवा त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. दोन्हीपैकी कुठलं वाईट, हे मला ठरवता येईना.

हे २०१५ च्या आसपासचं. आम्ही परदेशात, क्लेमेंटीला सरकारी ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर राहत होतो. मी वन-नॉर्थला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो, बायको जुरोंग ईस्टला अकाउंट्समध्ये. बाबा पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. पिंपरीच्या एका गिअरच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूतली खोट शोधायची, हे त्यांचं काम. माझंही तेच, फक्त माझ्या हाताला तेल लागत नाही. घराण्यातच खोड आहे म्हणायची.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटेच असायचे आणि मजेत आहे म्हणायचे. मग एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला आपली किल्ली लावत पंधरा मिनिटं उभे होते. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आतल्या लोकांनी दार उघडलं तर त्यांच्यावरच डाफरले. शिवाय महिन्याभरात दूध दोनदा करपलं, वास जिन्यापर्यंत आला. मी बाबांना विचारलं. म्हणाले, "किल्ली घासलीय. आणि त्या काकूंना बोलायला विषय लागतो." इतक्या झटपट उत्तर आलं की पाणी कुठेतरी मुरतंय असं मला वाटलं. मी लगेच तिकीट पाठवलं, जाण्याचं आणि येण्याचं.

आता दोनच रस्ते होते. परतीच्या तिकिटावरची तारीख आली की बाबा पुण्याला जाणार आणि एकटे राहणार. नाहीतर मी त्यांच्याकडून फ्लॅटच्या किल्ल्या घ्यायच्या आणि लाँग टर्म पासचा अर्ज करून त्यांना इथेच ठेवायचं. त्यांना कुठलं हवं होतं ते उघड होतं. आल्यापासून ते दर दोन दिवसांनी म्हणायचे, "माझ्या कुंड्यांचं काय झालं असेल." मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की ते विसरायला लागलेत का. सरळ विचारलं तर किल्ली घासली असं उत्तर मिळतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी विचारायचं सोडलं आणि पाहायला लागलो.

मासे पकडण्याचा नाद मला वर्षभरापूर्वी लागला होता. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. आई असती तर तिने मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिलं नसतं. पण इथल्या रिझर्व्हॉयरमध्ये पीकॉक बास नावाचा मासा आहे. अंगाने हिरवापिवळा, पाठीवरून तीन काळे पट्टे, शेपटीवर सोनेरी कडा असलेला एक काळा ठिपका. तो पकडायचा, बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, अशी तिथे नेहमी येणाऱ्यांची रीत. आखून दिलेल्या जागेतच उभं राहायचं, आणि गळाला किडा किंवा कोळंबी लावायची नाही. लाकडाचा, प्लॅस्टिकचा, पिसांचा खोटा मासा लावायचा. त्याला ल्युअर म्हणतात. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका मोजल्यावर शनिवारी सकाळी पाण्याकडे बघत उभं राहायला मला बरं वाटायचं. वर्षात सात मासे मिळाले होते.

पहिल्या शनिवारी बाबांना घेऊन गेलो. त्यांनी नियमांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, माझ्या डबीतले ल्युअर एकेक उचलून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे माशाला फसवायचं."

"हो."

"आणि तो खाण्यासाठीसुद्धा नाही."

"नाही."

"मग हे म्हणजे नुसता खोटेपणाच झाला." पण चेहऱ्यावर हसू होतं. दुसऱ्या शनिवारी ते माझ्याआधी तयार होऊन बसले, आणि निघताना लिफ्टमध्ये रॉड तुटला.

नवा रॉड घ्यायला लागणारच होता. तेव्हाच माझ्या डोक्यात ती कल्पना आली. रॉड, दोरी गुंडाळणारा रील, दोरी, ल्युअर, सगळं बाबांकडूनच निवडून घ्यायचं. त्यात आकडे होते, तुलना होती, चार दिवसांपूर्वी पाहिलेलं आज आठवायला लागणार होतं. त्यांना कळणारही नाही आणि मला हवं ते कळेल. मी फोनमध्ये एक यादी उघडली आणि पहिली ओळ लिहिली: लिफ्ट.

बायकोला सांगितलं तर ती चिडली. "तू बाबांवर पाळत ठेवतोयस."

"काळजी घेतोय."

"काळजी घेणारा माणूस लपवून लिहीत नाही." एवढं बोलून ती इस्त्री करायला लागली. मी यादी बंद केली नाही. मला भीती वाटत होती. माझ्या एका प्रश्नाला ते 'सगळं ठीक' म्हणतील, मी विश्वास ठेवीन आणि चिंचवडला एका रात्री गॅस चालू राहील, ही ती भीती होती. दुधाने तोंड पोळलं होतं, आता मी ताक फुंकत होतो.

बाबांनी काम अंगावर घेतलं. आधी माझ्या जुन्या सामानाची तपासणी झाली. बॅगेतून त्यांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी परदेशात मुलाकडे येताना मायक्रोमीटर कोण आणतं, असा प्रश्न मला पडला, पण तो मी यादीत लिहिला नाही, कारण ते तसेच होते पहिल्यापासून. माझ्या नायलॉनच्या दोरीच्या पाकिटावर ०.२८ मिलिमीटर छापलेलं होतं. त्यांनी पाच ठिकाणी मोजलं. ०.३१, ०.३०, ०.३१, ०.३२, ०.३१.

"पाकिटावर विश्वास ठेवतो तो गिऱ्हाईक," बाबा म्हणाले. "जाड दोरी, म्हणून तुझा तो खोटा मासा लांब जात नाही. आणि तू स्वतःला दोष देत बसलास."

ते मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका टेबलाशी असे बसलोच नव्हतो. पण त्याच संध्याकाळी त्यांनी चहात साखर दोनदा घातली, आणि मी ओट्याकडे पाठ करून ते लिहून ठेवलं.

दुकान एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक साठीचा चिनी गृहस्थ. शनिवारची गर्दी, भिंतीला ओळीने रॉड लावलेले. बाबांनी पहिला रॉड उचलला, एक डोळा मिटून टोकापर्यंत पाहिलं आणि परत ठेवला. दुसरा काउंटरवर घरंगळवला, तो किंचित उड्या मारत गेला, म्हणून तोही ठेवला. तिसरा सरळ निघाला. मग त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि दोरी जाते त्या प्रत्येक कडीतून तो ओढून पाहिला. कडीला बारीकशी चीर असेल तर कापूस अडकतो आणि पुढेमागे दोरी कापली जाते, हे मला तेव्हा कळलं. चौथ्या कडीत कापूस अडकला.

मालक संशयाने बघत होता. "अंकल, यू बायिंग ऑर चेकिंग?"

"चेकिंग फर्स्ट," बाबा कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले. "बायिंग आफ्टर."

"कॅन, कॅन. चेक लाह." पण तो आमच्यासमोरून हलला नाही.

कापूस घरून आठवणीने आणला होता, ही बाबांच्या बाजूची गोष्ट. मी मनात तसं नोंदवत होतो तेवढ्यात त्यांनी एका रॉडवरची बारीक अक्षरं माझ्यापुढे धरली. "वाच."

"तुम्ही वाचा ना."

"चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. मला त्याची काडी दिसत होती. मी वाचलं, साडेसहा फूट, मीडियम, दोरी आठ ते चौदा पौंड, आणि त्यांनी ऐकता ऐकता रॉडचं टोक जमिनीला टेकवून वाकवून पाहिलं. दुकानातून बाहेर पडल्यावर मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि फोनमध्ये लिहिलं: चष्मा. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

रीलवर आमचं भांडण झालं. मला आडव्या ड्रमचा रील हवा होता. तिथले जाणते लोक तोच वापरतात आणि हातात घेतल्यावर माणूस जाणता वाटतो. त्यात दोरी सुटताना ड्रमवर अंगठा योग्य क्षणी दाबावा लागतो, नाहीतर दोरीचा असा गुंता होतो की अर्धी सकाळ त्यातच जाते. बाबांनी तो फिरवून पाहिला, डोळे मिटून कानाशी धरला, बाजूला ठेवला आणि साधा उभा रील उचलला.

"तुझा अंगठा तेवढा शहाणा नाही," ते म्हणाले.

"शिकेन."

"पुढच्या वेळी शीक. ह्याच्यात बेअरिंग कमी आहेत, पण जी आहेत ती नीट बसलीत. त्याच्यात दहा आहेत आणि एक आतल्या आत रडतंय."

मालकाने तो आडवा रील स्वतःच्या कानाशी धरला आणि मागच्या फडताळात ठेवला. बाबांचा विजय झाला होता. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाही मला संशय आला. जे हातात मुरलेलं असतं ते शेवटी जातं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. चौतीस वर्षांचं काम बोटांना आठवत असेल, कालचं जेवण डोक्याला आठवत नसेल, असंही असू शकतं.

ल्युअर घ्यायला दोन फेऱ्या झाल्या. बाबांनी प्रत्येक गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. टोक नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर बाद. मालकाला बादली मागितली, त्यात तरंगवून पाहिलं कुठला कलंडतो. पहिल्या फेरीत एक घेतला, बोटभर लांब, पिवळा, तांबड्या डोक्याचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा अर्धा तास तपासणी, आणि बाबांनी निवडला बोटभर लांब, पिवळा, तांबड्या डोक्याचा. अगदी तोच.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. ते समाधानाने काउंटरवर बोटं वाजवत होते. 'हा आपण घेतलाय ना?' एवढे चारच शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. बोललो असतो तर ते सावध झाले असते, आणि मला त्यांना सावध करायचं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी ती ओळ लिहिली आणि त्याखाली रेघ मारली. त्या रात्री मी बायकोला सांगितलं की बाबांना परत पाठवता येणार नाही. ती म्हणाली, "मग हे त्यांना आज सांग." मी म्हणालो, एकदा खात्री करून घेतो.

खात्रीसाठी मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. तिकिटाच्या तारखेला अकरा दिवस उरले होते. शुक्रवारी मी बाबांना म्हणालो, "उद्या सकाळी मला ऑफिसात थोडं काम आहे. तुम्ही रॉड घेऊन एकटे याल का? मी तिकडून परस्पर येतो. नऊ वाजता पाण्यापाशी."

"येईन की," ते म्हणाले. क्षणभर थांबून पुन्हा म्हणाले, "येतो. बरंच आहे ते." मला त्या 'बरंच आहे'चा अर्थ कळला नाही.

शनिवारी मी आठला घरातून निघालो आणि आमच्याच ब्लॉकखाली एका खांबामागे उभा राहिलो. चाळिशीतला माणूस, खांबामागे. एक म्हातारी चिनी बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, तिने मला दोनदा वळून पाहिलं. साडेआठला बाबा खाली आले. रॉडचे दोन्ही भाग कापडात नीट गुंडाळलेले, पाठीला पिशवी. बस स्टॉपवर त्यांनी दोन बस सोडल्या आणि बरोबर बसमध्ये चढले. मी टॅक्सी केली, पुढे जाऊन उतरलो आणि रस्त्याकडेच्या झाडांआड थांबलो.

ते बरोबर स्टॉपवर उतरले. पादचारी पुलावरून रस्ता ओलांडला. पुलाखाली वाट फुटते. उजवीकडे रिझर्व्हॉयरच्या पायऱ्या, डावीकडे नुसतीच पायवाट, ती गोदामांकडे जाते. आम्ही तिथून चार वेळा गेलो होतो. बाबा तिथे थांबले. मी घड्याळ लावलं. एक मिनिट, दोन. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पिशवीचा पट्टा सारखा केला. चार मिनिटं झाली आणि ते डावीकडे वळले.

हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि मिळाल्यावर मला रडू येत होतं. मी चाळीस पावलांचं अंतर ठेवून चालायला लागलो. वाटलं, अजून थोडं बघू, त्यांच्या लक्षात येतंय का. थोडं पुढे एका झाडाखाली बाक होता. बाबा त्यावर बसले, रॉड मांडीवर आडवा घेतला आणि मान न वळवता म्हणाले, "ये. पुढे ये आता."

मी गेलो. शाळेतला चोर मुलगा जातो तसा गेलो.

"कधी पाहिलंत?"

"आपल्या स्टॉपवर. तिथल्या जाहिरातीच्या काचेत खांबामागचा माणूस दिसतो." त्यांनी माझ्या टी-शर्टकडे पाहिलं. "ऑफिसला तू असा जात नाहीस."

"मग इकडे का वळलात?"

"बघत होतो हाक मारतोस का." ते अजून पाण्याच्या दिशेलाच पाहत होते. "बाप चुकीच्या वाटेने चाललाय, मागे मुलगा आहे. मारेल म्हटलं हाक. नाही मारलीस."

बाबा रागावले नव्हते. रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी माझ्या खिशाकडे बोट केलं.

"मी काही केलं की फोन काढतोस. पहिल्या दिवसापासून. वाच काय लिहिलंयस."

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "कारखान्यात ज्याचा माल तपासतात त्याला रिपोर्ट दाखवतात. वाच." मी फोन काढला आणि वाचायला लागलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"लिफ्ट."

"छत्री घालून बघितलीस ना? तीनदा. बायको हसत होती तुझी. छत्री केवढी जाड. रॉडचं टोक दीड मिलिमीटर. वाळकी काडी घालून बघायची होतीस."

"साखर दोनदा."

"तुमची साखर गोड नसते. पुढे."

"चष्मा."

"एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने वस्तू बघायची. दोन्ही एकाने केलं की आकड्यावर डोळे अडकतात आणि वस्तू सुटते. आम्ही जोडीनेच तपासायचो. चष्म्याचं खोटं बोललो, कारण एवढं समजावत बसलो असतो तर त्या दुकानदाराने आपल्याला हाकललं असतं."

"एकच ल्युअर दोनदा."

आता ते माझ्याकडे वळले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "एक वापरायला, एक ठेवायला. वापरून वापरून बिघडला की कशाशी ताडून बघणार? नमुना ठेवायचा असतो रे. तू टेस्टिंग करतोस ना?"

ह्यातलं किती खरं होतं आणि किती तिथल्या तिथे सुचलेलं, मला आजही माहीत नाही. ऐकताना सगळं पटत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि त्या सकाळी चोर मी होतो, त्यामुळे मी सगळंच मान्य केलं. यादीत आणखी एक ओळ होती. ती मी मागाहून लिहिली होती, पण गोष्ट सगळ्यात आधीची, काकूंच्या फोनची.

"दुसऱ्या मजल्याचं दार," मी वाचलं.

रॉडवरचं कापड बाबांनी सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पायवाटेवरून सायकलवाला गेला. मग ते म्हणाले, "तू काल म्हणालास एकटे या. म्हटलं बरं झालं. बसमध्ये एकटा असलो की नीट जुळवता येईल. आज तुला एक गोष्ट सांगणार होतो."

"सांगा ना."

"आता नाही."

"बाबा, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. पण आता सांगितलं तर ते तुझ्या यादीत जाईल." ते उठले. "चल, आलोच आहोत तर टाकून बघ. रॉड कसा आहे ते तरी कळू दे."

आम्ही मागे फिरलो आणि पायऱ्या चढून पाण्यापाशी गेलो. वाट त्यांनीच दाखवली. रॉड उत्तम होता. तो पिवळा ल्युअर आधीपेक्षा दीडपट लांब जाऊन पडत होता. दहाच्या सुमाराला दोरी एकदम ताणली गेली, रॉड अर्धा वाकला आणि वर्षभरात मिळाला नव्हता एवढा मोठा पीकॉक बास मी काठाला आणला. बाबांनी वाकून त्याच्या शेपटीवरचा ठिपका पाहिला. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाले, "फोन राहू दे खिशात." मी मासा सोडून दिला. घरी जाताना आम्ही दोघं एका सीटवर बसलो होतो, रॉड मध्ये उभा धरून.

त्यानंतरचे दहा दिवस बाबांनी माझ्यासमोर एकही चूक केली नाही. चहात साखर एकदाच घातली आणि घालताना माझ्याकडे पाहिलं. बटण बंद करताना मोठ्याने म्हणायचे, "बंद." काल काय जेवलो ते कोणी न विचारता सांगायचे. बायको एकदा आत जाऊन रडून आली. मी त्यांना थांबवू शकलो नाही. इथे राहा म्हणायला माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं. असलेली सगळी कारणं त्यांनी बाकावर बसून खोडून टाकली होती, आणि जे एक खोडलं नाही ते मला सांगितलं नाही. तिकिटाच्या तारखेला ते पुण्याला गेले.

मग रविवारचे फोन सुरू झाले. मी हॅलो म्हणायच्या आत ते वार आणि तारीख सांगायचे. गॅस बंद आहे, किल्ली खिळ्याला आहे, गोळ्या घेतल्या. आवाज असा, की समोर कोणीतरी वही घेऊन बसलंय. मी काकूंना वेगळा फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, सगळं छान आहे, अजिबात काळजी करू नका," आणि इतक्या घाईने म्हणाल्या की बाबांनी त्यांनाही पढवून ठेवलंय असं मला वाटलं. वाटलं एवढंच. माझ्या वाटण्यावर आता माझाही विश्वास नव्हता.

त्या बाकावर तुम्ही काय सांगणार होतात, हे मी त्यांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते हसले आणि म्हणाले, "असेल काहीतरी रॉडबद्दल." दुसऱ्यांदा विचारलं त्याला मध्ये पाच-सहा महिने गेले होते. मी म्हणालो, "बाबा, तो शनिवार आठवतो ना, तुम्ही एकटे बसने आलात तो?"

बाबांनी विचारलं, "कोणता शनिवार?"

ते विसरले होते, की त्यांना मला सांगायचं नव्हतं म्हणून विसरल्यासारखं करत होते? त्यांच्या आवाजावरून मी ओळखायला हवं होतं, मी त्यांचा मुलगा. मी फोन कानाशी दाबून धरला आणि मला काहीही ओळखता आलं नाही.